स्कायरिममध्ये पहिलं पाऊल: दहांतून आपला वंश कसा निवडायचा

घोडागाडीत तुमच्यासोबत आणखी तीन कैदी असतात. सगळ्यांचे हात बांधलेले. गाडी हेल्गेन गावात शिरते, यादीतली नावं वाचली जातात, एक जण पळून जायला बघतो आणि बाण लागून पडतो. मग हातात यादी धरलेला हॅडव्हार नावाचा सैनिक तुमच्याकडे वळतो आणि विचारतो, तू कोण? इथे खेळ थांबतो आणि पडद्यावर दहा वंशांची यादी उघडते. खाली किंवा बाजूला कुठेही "नवख्यांनी हा घ्यावा" असं लिहिलेलं नसतं.

स्कायरिम हा व्हिडिओ गेम 11 नोव्हेंबर 2011 ला आला. आता तो साध्यासुध्या लॅपटॉपवरही चालतो, सेलमध्ये स्वस्तात मिळतो, त्यामुळे आजही रोज कुणीतरी नव्याने या यादीसमोर येऊन उभं राहतं. माझ्या मावसभावाने असाच एकदा रात्री साडेअकराला फोन केला. "दादा, पाऊण तास झाला. नुसता गाडीतून उतरलोय. कोणता घेऊ?" त्या रात्री त्याला जे सांगितलं, तेच इथे नीट मांडून लिहितो आहे. यादीत सगळ्यांत ठळक दिसतात ते कौशल्यांचे आकडे, आणि तेच सगळ्यांत लवकर पुसले जातात. शेवटपर्यंत टिकतात त्या दोन गोष्टी: वंशाचा अंगभूत गुण, आणि त्या जगातली माणसं तुमच्याकडे ज्या नजरेने बघतात ती नजर. निवड या दोन गोष्टींवर करा.

आधी शब्दाबद्दल थोडं. खेळणारी मंडळी सर्रास 'रेस' म्हणतात, मी 'वंश' म्हणतो. 'जात' हा शब्द मी मुद्दाम टाळला आहे. आपल्याकडे त्या शब्दामागे खऱ्या माणसांचं खरं दुःख आहे, आणि ते खेळाच्या मेन्यूत आणू नये असं मला मनापासून वाटतं. जन्मावरून कुवत ठरवण्याच्या कल्पनेवर या खेळांच्या दुनियेतही पुष्कळ विचार चालू आहे. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा या सगळ्या खेळांचा मूळपुरुष. त्याच्या 2024 च्या नियमपुस्तकात 'रेस' हा शब्द काढून 'स्पीशीज' हा शब्द घेतला गेला. स्कायरिममध्ये जुनाच शब्द आहे, पण त्याच्या आधीच्या खेळांत वंशावरून ताकद, बुद्धी असे मूळ गुणांक ठरायचे, ते इथे पूर्ण काढून टाकले आहेत. ऑर्क हा दांडग्या लढवय्यांचा वंश, पण तुमच्या ऑर्कने हातोडा खाली ठेवून पुस्तकं आणि मंत्र धरले तर खेळ त्याला कुठेही अडवत नाही.

पहिली पायरी: आकड्यांची भीती घालवा

स्कायरिममध्ये एकूण 18 कौशल्यं आहेत आणि प्रत्येक कौशल्य 15 पासून सुरू होतं. प्रत्येक वंशाला एका कौशल्यात 10 आणि आणखी पाच कौशल्यांत 5 गुण जास्तीचे मिळतात. उदाहरणार्थ, रेडगार्ड या वंशाचं एकहाती शस्त्राचं कौशल्य सुरुवातीलाच 25 असतं आणि ब्रेटन या वंशाचं तेच 15. नवख्याला वाटतं, तलवार चालवायची तर ब्रेटन घेणं म्हणजे नुकसानच.

आता हा हिशोब जरा जवळून बघा. स्कायरिममध्ये पात्राची लेव्हल वाढते ती कौशल्यं वाढल्यामुळे. एखादं कौशल्य 15 वरून 16 झालं की 16 गुण जमा होतात, 16 वरून 17 झालं की 17. म्हणजे ब्रेटनने तलवार चालवत 15 वरून 25 गाठले, तर वाटेत त्याच्या खात्यात 16 पासून 25 पर्यंतची बेरीज, म्हणजे 205 गुण, जमा झालेले असतात. पहिल्या लेव्हलवरून दुसरीवर जायला 100 गुण लागतात आणि दुसरीवरून तिसरीवर जायला 125. रेडगार्डला जे फुकट मिळालं, ते ब्रेटनने कमावलं आणि त्या कमाईत तो जवळजवळ दोन लेव्हल वर चढला. लेव्हल वाढली की एक पर्क, म्हणजे एखाद्या कौशल्यातली जास्तीची क्षमता, मिळतो, आणि आरोग्य, मॅजिका (मंत्रांसाठी लागणारी शक्ती) किंवा स्टॅमिना (दम) यांपैकी एकात 10 गुण घालता येतात. त्यामुळे मागून निघालेला मागेच राहतो असं होत नाही.

रेडगार्डला फायदा आहे, पण तो अगदी सुरुवातीचा. एकहाती शस्त्राच्या पहिल्या पर्कचा दुसरा टप्पा घ्यायला कौशल्य 20 लागतं. रेडगार्डकडे ते आधीपासून असतं, ब्रेटनला थोडं थांबावं लागतं. पहिल्या एक-दोन गुहांत हा फरक जाणवतो. दहा तास खेळून झाल्यावर कोण कुठून निघालं होतं हे आकड्यांवरून ओळखूही येत नाही.

सगळ्याच खेळांत हे असं चालत नाही, म्हणून इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. 2009 च्या ड्रॅगन एज ओरिजिन्समध्ये ड्वार्फला जादूगार होताच येत नाही, आणि वंशावरून गोष्टीचे पहिले काही तास अख्खे बदलतात. ड्वार्फ सरदाराच्या घरचा असेल तर सुरुवात भूमिगत राजवाड्यात, एल्फ शहरातला असेल तर भिंतीआडच्या वस्तीत. 2023 च्या बाल्डर्स गेट 3 मध्ये 11 वंश आहेत. तिथे गुणांकांवरचे दोन आणि एक असे जास्तीचे गुण कुठे घालायचे ते तुम्हीच ठरवता, वंशाचा त्याच्याशी संबंध नाही. विदर्स नावाचं पात्र 100 सोन्यात तुमचा वर्ग, म्हणजे लढवय्या की जादूगार हे, बदलून देतं, पण वंश बदलून देत नाही. म्हणून कुठल्याही नव्या खेळात आधी विचारायचं ते हे: यातलं नंतर काय बदलता येतं आणि काय नाही?

स्कायरिममध्ये याचं उत्तर सरळ आहे. डॉनगार्ड या जोडभागापासून रिफ्टन शहराच्या भुयारी खानावळीत गॅलॅथिल नावाची बाई बसते. ती 1,000 सोन्यात तुमचा चेहरा बदलते, वंश मात्र नाही. कॉम्प्युटरवर कन्सोल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून वंश बदलता येतो, पण मग कमावलेली कौशल्यं पुन्हा सुरुवातीच्या आकड्यांवर येतात. म्हणजे एकदा गाडीतून उतरून निवडलं की त्या पात्रापुरतं ते कायमचं, असंच धरून चाला.

दुसरी पायरी: अंगभूत गुण समजून घ्या

खरी निवड इथे होते. प्रत्येक वंशासोबत काही ना काही कायमचं येतं, आणि ते पहिल्या लेव्हलला जेवढं कामाचं असतं तेवढंच पन्नासाव्यालाही असतं.

समजा, समोरच्या जादूगाराने 40 नुकसान करणारा आगीचा मंत्र फेकला. डार्क एल्फला, ज्यांना डनमरही म्हणतात, आगीपासून 50 टक्के संरक्षण असतं, म्हणून त्याला 20 लागतात. ब्रेटनला सगळ्याच जादूपासून 25 टक्के संरक्षण, म्हणून त्याला 30. नॉर्डला पूर्ण 40. आता तोच जादूगार थंडीचा मंत्र फेकू लागला तर चित्र फिरतं. नॉर्डला थंडीपासून 50 टक्के संरक्षण असल्याने त्याला 20, ब्रेटनला पुन्हा 30, डार्क एल्फला पूर्ण 40. तिसऱ्यांदा वीज पडली तर नॉर्ड आणि डार्क एल्फ दोघांनाही 40, ब्रेटनला परत 30.

ब्रेटनचं महत्त्व या तीन ओळींत आहे. आग किंवा थंडीपुढे त्याचं संरक्षण सगळ्यांत मोठं नाही, पण ते कुठेच शून्यावर येत नाही. शिवाय त्यावर भर घालता येते. लॉर्ड स्टोन नावाचा दगड 25 टक्के देतो, रिफ्टनमधल्या मारा देवीच्या देवळातलं प्रेमिकांचं काम पूर्ण केलं की 15 टक्के मिळतात, आल्टरेशन या जादूच्या शाखेतल्या पर्कमधून 30 पर्यंत. जादूविरोधी संरक्षणाला 85 टक्क्यांची मर्यादा आहे. हे सगळं जमवलेला ब्रेटन त्या मर्यादेला सहज टेकतो, बाकीच्यांना तिथपर्यंत जायला मंतरलेले दागिने आणि ढाली शोधाव्या लागतात. नव्या खेळाडूला पुढे सगळ्यांत जास्त कोण मारतं? तलवारवाले नाहीत. दुरून मंत्र फेकणारे जादूगार आणि ड्रॅगन मारतात. म्हणून "मला काहीच माहीत नाही, एकच नाव सांग" असं कुणी म्हटलं तर मी ब्रेटन म्हणतो.

नॉर्डचं थंडीपासूनचं संरक्षण कागदावर साधं वाटतं, पण तुम्ही खेळताय ते स्कायरिम नावाच्या बर्फाळ प्रदेशात. जुन्या थडग्यांतून उठणारे ड्राउगर थंडीचे मंत्र फेकतात, बर्फाळ डोंगरांत आइस रेथ फिरतात, थंडी ओकणारे ड्रॅगन आहेत. आणि थंडीचा मंत्र आरोग्यासोबत स्टॅमिनाही खातो. हातोडा किंवा मोठी तलवार घेऊन लढणाऱ्याचा स्टॅमिना गेला की जोराचा वार जातो. नॉर्डला दुहाती शस्त्रात 10 गुण जास्त दिले आहेत त्याला हे संरक्षण नेमकं जुळतं.

हाय एल्फ, म्हणजे आल्टमर, यांना सुरुवातीलाच 50 मॅजिका जास्त. बाकी सगळे 100 वर, हे 150 वर. एका लेव्हलला 10 गुण मिळतात हे लक्षात घेतलं तर हे पाच लेव्हलचं काम आयतं हातात आलं. ज्याला शुद्ध जादूगार व्हायचं आहे त्याने दुसरीकडे बघायची गरज नाही. फक्त एवढं ध्यानात ठेवा: हाय एल्फला कुठल्याही मंत्रापासून कसलंच अंगभूत संरक्षण नाही, त्यामुळे सुरुवातीला तो फार लवकर पडतो.

वुड एल्फ, म्हणजे बॉस्मर, यांना विष आणि रोग दोन्हींपासून 50 टक्के संरक्षण. रेडगार्डला विषापासून 50 टक्के. सरड्यासारख्या दिसणाऱ्या आर्गोनियनला रोगापासून 50 टक्के, शिवाय तो पाण्याखाली श्वास घेऊ शकतो. पाण्याखाली शस्त्र चालवता येत नाही, त्यामुळे हा गुण लढाईचा नाही, हिंडण्याचा आहे. नदीच्या तळाशी बुडालेल्या पेट्या, पाण्यातून गुहेत जाणाऱ्या वाटा, मागे लागलेले डाकू चुकवायला तलावात मारलेली उडी. ज्याला असं भटकायला आवडतं त्याला आर्गोनियन फार काही देऊन जातो.

खाजीत हे मांजरमुखी लोक. त्यांच्या नुसत्या पंजाचा फटका इतरांच्या मुठीपेक्षा चांगलाच लागतो, आणि त्यांना रात्री बघण्याची दृष्टी असते. ही दृष्टी एका वेळी एक मिनिट टिकते, पण दिवसातून हवी तितक्या वेळा वापरता येते. अंधाऱ्या गुहेत मशाल पेटवली की शत्रूला तुम्ही दिसता. खाजीतला मशाल लागत नाही. चोरपावलांच्या कौशल्यात त्याला 10 गुण जास्त आहेतच, त्यामुळे लपतछपत धनुष्य चालवणाऱ्यासाठी ही जोडी घट्ट बसते.

इम्पीरियलला पेट्यांत आणि थैल्यांत थोडं जास्त सोनं सापडतं. सुरुवातीला उपयोगी, पुढे पैसा असाही पुष्कळ होतो. ऑर्कला असा कायमचा गुण जवळजवळ नाही. त्याचं खरं बळ पुढच्या पायरीत आहे.

तिसरी पायरी: दिवसातून एकदाची शक्ती

प्रत्येक वंशाकडे एक मोठी शक्ती असते. ती खेळातल्या 24 तासांत एकदाच वापरता येते. खाजीतची रात्रदृष्टी हा एकटाच अपवाद. खेळातला एक दिवस आपल्या घड्याळात 72 मिनिटांचा असतो, म्हणजे एका बैठकीत ती दोन-तीन वेळा हाताशी येते. घाई असेल तर कीबोर्डवरचं टी दाबून 24 तास थांबता येतं.

यांत ऑर्कचा संताप सगळ्यांच्या वर. 60 सेकंद तुमच्यावरचा मार निम्मा आणि तुमचा मार दुप्पट. एखादा दांडगा शत्रू वारंवार हरवत असेल तर ऑर्कने ही शक्ती राखून ठेवून त्या दारातून आत जावं. आर्गोनियनचं आरोग्य 60 सेकंद दहापट वेगाने भरून येतं. ही शक्ती मरता मरता वाचवते, पण ती आरोग्य थोडं शिल्लक असतानाच वापरायची असते. नवखे ती नेमकी उशिरा दाबतात. रेडगार्डचा स्टॅमिना तसाच दहापट वेगाने भरतो. हाय एल्फची मॅजिका एक मिनिट झपाट्याने भरते, आणि आधीच मोठा साठा असल्यामुळे त्या मिनिटात तो सगळ्या पात्रांतला सगळ्यांत धोकादायक माणूस असतो. ब्रेटन एक मिनिट समोरून येणाऱ्या मंत्रातली अर्धी मॅजिका स्वतःत ओढून घेतो. डार्क एल्फभोवती आगीचं कडं पेटतं आणि जवळ येणारा भाजतो. इम्पीरियलच्या आवाजाने आसपासची माणसं शांत होतात, नॉर्डच्या आरोळीने शत्रू 30 सेकंद पळतात. वुड एल्फ एखाद्या प्राण्याला मिनिटभर आपल्या बाजूने लढायला लावतो, आणि माझ्या अनुभवात ही दहांतली सगळ्यांत कमी कामाची, कारण ऐन वेळी जवळ प्राणी असावा लागतो.

चौथी पायरी: जग तुम्हाला काय म्हणेल

ही पायरी मार्गदर्शकांत सहसा दोन ओळींत उरकलेली असते. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते.

तुम्ही वंश निवडताक्षणी हॅडव्हार त्याला अनुसरून बोलतो. नॉर्डला म्हणतो की घरी परतायला फार वाईट वेळ निवडलीस. खाजीतला विचारतो, व्यापारी तांड्यातला आहेस का. मग यादीत नाव नसतानाही तुम्हाला वधस्तंभाकडे पाठवलं जातं, आणि नॉर्ड सोडून बाकीच्यांना तो सांगतो की तुझे अवशेष तुझ्या मायदेशी पाठवू. तो मायदेश प्रत्येक वंशाचा वेगळा. खेळ सुरू होऊन काही मिनिटंच झालेली असतात आणि तुम्ही कुठून आलात हे त्या जगाला कळलेलं असतं.

पुढे हे जागोजागी भेटतं. विंडहेल्म शहरात पहिल्यांदा शिराल तेव्हा दरवाजाच्या आतच दोन नॉर्ड एका डनमर बाईला घेरून तिच्यावर हेरगिरीचा आरोप करत असतात. डनमर लोक इथे कसे आले? चौथ्या युगाच्या 5 व्या वर्षी त्यांच्या देशातला लाल पर्वत फुटला आणि ते निर्वासित होऊन पसरले. विंडहेल्ममध्ये त्यांची वस्ती ग्रे क्वार्टर नावाच्या अंधाऱ्या गल्ल्यांत आहे. आर्गोनियन कामगारांना तर भिंतीच्या आत राहण्याचीच मुभा नाही, ते बंदरावर राहतात. खाजीत व्यापाऱ्यांचे तांडे शहरांच्या दरवाजाबाहेर तंबू ठोकतात, कारण त्यांना आत घेत नाहीत. खेळाडूचा खाजीत मात्र सगळीकडे आत जाऊ शकतो. तरी लढाईत एखादा डाकू त्याच्या कातड्याचा गालिचा करायची भाषा करतो.

मी स्वतः पहिल्यांदा नॉर्ड घेऊन विंडहेल्ममध्ये गेलो होतो, तेव्हा दरवाजापाशी चाललेलं ते भांडण ओलांडून पुढे निघालो. दुसऱ्यांदा डनमर घेऊन गेलो आणि त्याच दरवाजात पाय थबकले. संवाद बहुतेक तेच होते. मी वेगळा होतो.

हाय एल्फ निवडणार असाल तर थोडा इतिहास आधीच माहीत असू द्या. खेळ घडतो चौथ्या युगाच्या 201 व्या वर्षी. त्याच्या 26 वर्षं आधी, 175 मध्ये, मोठ्या युद्धानंतर साम्राज्याने हाय एल्फांच्या थॅलमोर राजवटीशी तह केला आणि त्यात टॅलोस देवाच्या पूजेवर बंदी आली. टॅलोस हा नॉर्डांचा लाडका देव. स्कायरिममधलं साम्राज्याविरुद्धचं अख्खं बंड या जखमेभोवती फिरतं. त्यामुळे हाय एल्फ म्हणून फिरताना नॉर्डांचा राग कशाचा आहे हे समजून घेतलं तर गोष्ट खोल होते. याचा प्रत्यक्ष फायदाही एके ठिकाणी होतो: थॅलमोर वकिलातीत घुसायच्या कामात त्यांचे झगे घातलेला हाय एल्फ पहारेकऱ्यांसमोरून इतरांपेक्षा सहज निघून जातो.

ऑर्कचा फायदा याहून मोठा. डुश्निख याल, मोर खाझगुर, नार्झुलबुर या ऑर्क गढ्यांत परक्याला थेट प्रवेश नाही, आधी त्यांचं एखादं काम करून विश्वास मिळवावा लागतो. ऑर्क पात्राला दार उघडंच असतं. आत लोहार आहेत, खाण आहे, राहायला जागा आहे, आणि तुम्हाला कुणी परकं मानत नाही. बाकी शहरांत जो सगळ्यांना वेगळा वाटतो त्याला इथे घर मिळतं. मला खेळातली ही जागा फार आवडते.

यातलं काहीही तुमची वाट कायमची बंद करत नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. डार्क एल्फही बंडखोरांत सामील होऊ शकतो. फक्त बंडखोरांचा सेनानी गालमार त्याला विचारतो की नॉर्ड नसलेला माणूस स्कायरिमसाठी का लढतोय. लग्न, सोबती, चोरांची टोळी, जादूचं विद्यालय, सगळं सगळ्यांना खुलं आहे.

पाचवी पायरी: शंभर तास कुणाला बघणार?

चेहऱ्याच्या मेन्यूत तास घालवू नका. बहुतेक वेळ तुम्ही स्वतःच्या डोळ्यांतून बघता आणि चेहऱ्यावर शिरस्त्राण असतं. पण वंशाचं एकूण रूप महत्त्वाचं आहे. पाठीमागून दिसणारी शेपूट, तलवार धरणारा केसाळ हात, हाय एल्फची सगळ्यांहून जास्त उंची, वार बसल्यावरचा आवाज, हे रोज दिसणार आणि ऐकू येणार.

जुन्या लेखांत एक इशारा वाचायला मिळतो की खाजीत आणि आर्गोनियन यांना बूट आणि बंद शिरस्त्राण घालता येत नाही. ते 2002 च्या मॉरोविंडबद्दल आहे. स्कायरिममध्ये तसं काही नाही, सगळं चिलखत सगळ्यांना बसतं. त्याच मॉरोविंडपासून ऑर्क आणि इम्पीरियल हे दोन वंश खेळाडूला मिळू लागले. 1994 च्या अरीनामध्ये निवडायला आठच होते.

सहावी पायरी: ठरवा आणि पुढे चला

स्वतःला एकच प्रश्न विचारा. तुम्ही लढाईत नेमके कुठे उभे असता? समोरासमोर जाऊन दणके देणार असाल तर ऑर्क किंवा नॉर्ड. दोघांत तुम्ही सारखे मरत असाल तर ऑर्क, गोष्टीत रमणारे असाल तर नॉर्ड, कारण हा त्यांचाच देश आहे. दुरून मंत्र टाकणार असाल तर हाय एल्फ. एका हातात तलवार आणि दुसऱ्यात मंत्र असा मधला मार्ग हवा असेल तर ब्रेटन किंवा डार्क एल्फ. लपून बाण मारणार असाल तर खाजीत; वुड एल्फची सुरुवात धनुष्यात जास्त चांगली आहे, पण माझं मन खाजीतकडे झुकतं, ते त्या रात्रदृष्टीमुळे. काहीच ठरत नसेल तर ब्रेटन. आणि एखादा वंश नुसता बघताच आवडला असेल तर हे सगळे सल्ले बाजूला ठेवून तोच घ्या. 18 कौशल्यांपैकी कुठलंही कुठल्याही वंशाला वाढवता येतं, हे पहिल्या पायरीत बघितलंच.

निवड झाली की लगेच करायच्या दोन गोष्टी. हेल्गेनमधून सुटून रिव्हरवुडकडे उतरताना रस्त्याच्या कडेला तीन उभे दगड लागतात: योद्धा, जादूगार आणि चोर. ज्याला हात लावाल त्या गटातली कौशल्यं 20 टक्के वेगाने वाढतात. वंशाला ज्या कौशल्यांत जास्तीचे गुण आहेत तोच दगड घ्यावा असं नाही, तुम्ही रोज जे वापरणार आहात तो घ्या. नंतर परत येऊन बदलताही येतो.

दुसरी गोष्ट नव्वद टक्के नवखे विसरतात असं मी म्हणेन, निदान माझ्या ओळखीतले तरी. वंशाची शक्ती आपोआप चालत नाही. जादूच्या मेन्यूत शक्तींच्या रकान्यात जाऊन ती निवडावी लागते, मग ती झेड दाबल्यावर चालते. काही तासांनी तुम्ही पहिली शाउट, म्हणजे ड्रॅगनांच्या भाषेतली जादुई आरोळी, शिकता, आणि शाउटही त्याच झेडवर बसते. मग वंशाची शक्ती मेन्यूच्या तळाशी पडून राहते आणि लोक चाळीस तास खेळून म्हणतात, ऑर्कमध्ये काही खास नाही. म्हणून दोन्ही आवडत्या यादीत टाका. क्यू दाबल्यावर ती यादी उघडते, आणि तिथे 1 ते 8 यांतला एक आकडा शक्तीला देऊन टाका.

मावसभावाने त्या रात्री आर्गोनियन घेतला. ब्रेटन घे म्हणून मी सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: रिव्हरवुडच्या नदीत उतरून पाण्याखालून पोहत निघालोय, अजून गावात गेलो नाही, आणि ती दहापट आरोग्याची शक्ती 3 वर ठेवली आहे.